जुना छोटा डेस्कटॉप स्वस्तात घेताना: लेबल वाचण्यापासून पहिल्या महिन्यापर्यंत

मोठ्या कंपन्या आपले संगणक साधारण तीन ते पाच वर्षांनी घाऊक बदलतात. बरीच यंत्रं भाडेकराराची असतात. करार संपला की शेकड्यांनी बाहेर पडतात, रिफर्बिश करणाऱ्यांकडे (साफसफाई-दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्यांकडे) जातात आणि तिथून सवलतीच्या पाट्या लावून आपल्यासमोर येतात. जाडजूड पुस्तकाएवढे ते डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी आणि एचपीचे एलिटडेस्क मिनी याच वाटेने येतात. दिवसभर ऑफिसात चालावीत म्हणून बनवलेली ही यंत्रं असतात, उघडायला सोपी, सुट्या भागांना तोटा नाही. घरच्या कामासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी, दुकानाच्या हिशेबासाठी यापेक्षा शहाणा सौदा क्वचितच मिळतो.

मात्र जाहिरातीत ठळक दिसते ती किंमत आणि प्रोसेसरचं नाव. फसगत होते ती दुसरीकडेच: यंत्रासोबत काय दिलेलं नाही आणि यंत्रावर कुणाचं कुलूप अजून तसंच आहे, या दोन ठिकाणी. म्हणून या लेखात प्रोसेसरवर लागेल तेवढंच बोलतो आणि या दोन गोष्टींवर जास्त.

आधी काम, मग यंत्र

ब्राउझर, ईमेल, एक्सेल, व्हिडिओ कॉल, ऑनलाइन वर्ग एवढंच काम असेल तर या वर्गातलं जवळजवळ कुठलंही धडधाकट यंत्र पुरतं. फोटो एडिटिंग किंवा अधूनमधून व्हिडिओ कापाकापी असेल तर सहा कोअरच्या (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा गाभा) खाली जाऊ नका. गेम खेळायचे असतील तर हा लेख इथेच सोडा; या डब्यांत वेगळं ग्राफिक्स कार्ड बसत नाही (लेनोवोच्या एक-दोन मॉडेलांत छोटंसं बसतं, पण तो हौशी लोकांचा उद्योग). घरात फाइल साठवायला किंवा छोटा सर्व्हर म्हणून चोवीस तास चालवायला मात्र हे डबे फार चांगले. काही काम नसताना ३५ वॅटच्या प्रोसेसरचं यंत्र साधारण १० वॅटच्या आसपास वीज खातं.

आकाराचे तीन प्रकार असतात. उभा टॉवर आपण बाजूला ठेवू. 'स्मॉल फॉर्म फॅक्टर', म्हणजे एसएफएफ, हा मधला प्रकार: त्यात वीजपुरवठा आतच असतो, मोठी हार्डडिस्क बसते आणि बुटकं कार्ड लावता येतं. 'मायक्रो', 'मिनी' किंवा 'टायनी' म्हणजे साधारण एक लिटर आकारमानाचा डबा. याचा ॲडॅप्टर लॅपटॉपसारखा बाहेर असतो आणि डबा मॉनिटरच्या मागेही टांगता येतो. मोठी हार्डडिस्क लागणार असेल तर एसएफएफ घ्या, नाहीतर मायक्रो. पुढचं बहुतेक सगळं दोघांनाही लागू आहे.

प्रोसेसरचा आकडा वाचायला शिका

'आय७ आहे' हे वाक्य निरर्थक आहे. आय७-४७७० हा इंटेलचा प्रोसेसर २०१३चा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२०च्या आय३-१०१०० मध्येही चार कोअर, आठ थ्रेडच आहेत, वर वेग जास्त आणि रॅम नव्या पद्धतीची. तरीही जाहिरातीत आय७ मोठ्या अक्षरात असतो आणि पुढचा आकडा गाळलेला असतो. तो आकडा मागितल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका.

वाचायची पद्धत सोपी. नावातल्या आडव्या रेघेनंतरचे पहिले एक-दोन अंक म्हणजे पिढी: ८५०० म्हणजे आठवी, १०५०० म्हणजे दहावी. शेवटी 'टी' असेल तर तो ३५ वॅटचा, कमी तापणारा. काहीच नसेल तर डेस्कटॉपमध्ये बहुधा ६५ वॅटचा. मायक्रोमध्ये बहुतांशी 'टी'च असतो आणि छोट्या डब्यात तोच शोभतो.

सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये एक ठळक रेघ आहे. इंटेलने डेस्कटॉपची आठवी पिढी २०१७ मध्ये आणली तेव्हा आय५ चार कोअरवरून सहावर गेला आणि आय३ दोनवरून चारवर. त्यामुळे आठव्या पिढीचा आय३-८१०० आधीच्या आय५-७५००च्या तोडीस तोड आहे. दुसरं, विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं (मोजके अपवाद सोडून), सोबत टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली चालू होऊ देणारी सोय) लागतं. विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव मुदतीची योजना जाहीर झाली ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची.

नेमक्या याच कारणाने सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं आज मातीमोल भावात दिसतात. त्यावर विंडोज ११ बसवायच्या पळवाटा आहेत आणि बरेच विक्रेते तसं बसवूनच देतात. रोजचं काम चालतं, पण विंडोजची पुढची मोठी आवृत्ती अशा यंत्राला आपणहून मिळत नाही, दर वेळी हाताने खटपट करावी लागते. ज्याला ती खटपट जमते त्याने जरूर घ्यावं. आईवडिलांना किंवा दूर राहणाऱ्या नातेवाइकाला द्यायचं असेल तर घेऊ नका. दरवर्षी तुम्हालाच फोन येईल. लिनक्स मिंटसारखी प्रणाली वापरणार असाल तर मात्र ही रेघ विसरा. सहाव्या पिढीचा आय५ आणि ८ जीबी रॅम यावर ती मजेत पळते, आणि माझ्या मते या यंत्रांचं खरं सार्थक तिथेच होतं.

एएमडीच्या बाबतीत नावातल्या आकड्यावर विसंबू नका. रायझन २००० मालिका विंडोज ११च्या यादीत आहे असं सरसकट सांगतात, पण त्याच मालिकेतले आतल्या ग्राफिक्सचे २४००जी वगैरे प्रोसेसर आधीच्या रचनेचे आहेत आणि यादीत नाहीत. छोट्या डेस्कटॉपमध्ये नेमके तेच असतात. मायक्रोसॉफ्टच्या यादीत पूर्ण मॉडेल शोधा, मगच ठरवा.

मॉडेलवरून पिढी ओळखायची तर हे लक्षात ठेवा. डेलमध्ये ३०५०, ५०५०, ७०५० ही सातव्या पिढीची. ३०६०, ५०६०, ७०६० आठवी. शेवटी ७० असेल तर नववी आणि ८० असेल तर दहावी. सुरुवातीचा ३, ५ किंवा ७ हा दर्जा आहे, पिढी नव्हे. एचपी एलिटडेस्क ८०० मध्ये जी३ म्हणजे सहावी-सातवी, जी४ आठवी, जी५ नववी, जी६ दहावी. लेनोवोचे एम७१०क्यू आणि एम९१०क्यू सहाव्या-सातव्या पिढीचे, एम७२०क्यू आणि एम९२०क्यू आठव्या-नवव्या, एम७०क्यूची पहिली आवृत्ती दहाव्या. नववी पिढी आठव्यापेक्षा फारशी पुढे नाही, तिच्यासाठी जादा पैसे मोजू नका. दहाव्या पिढीत आय५ला सहा कोअरवर बारा थ्रेड मिळाले. भावात थोडाच फरक असेल तर तिकडे झुका.

रॅम, डिस्क आणि मॉनिटरची वायर

आजच्या ब्राउझरला ८ जीबी म्हणजे किमान, १६ जीबी म्हणजे सुख. या मायक्रो डब्यांत लॅपटॉपच्या आकाराची डीडीआर४ एसओ-डिम रॅम लागते आणि दोन खाचा असतात. आतलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं, म्हणून १६ची एक काडी लावण्यापेक्षा ८च्या दोन लावलेल्या बऱ्या. पूर्वी 'कमी रॅमचं घ्या, नंतर वाढवा' असा सल्ला सर्रास दिला जायचा. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव जसे चढले त्यानंतर मी तो देणं सोडलंय. आधीच १६ जीबी बसवलेलं यंत्र थोडं महाग दिसलं तरी हिशेबात बहुधा तेच स्वस्त निघतं.

डिस्कच्या बाबतीत साधी फिरती हार्डडिस्क असलेलं यंत्र हे 'बिनडिस्कचं' समजूनच भाव करा; ती काढून एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकावीच लागेल. आत एम.२ची, म्हणजे काडीसारख्या एसएसडीची, खाच असते. ती एनव्हीएमई (वेगवान) आहे की फक्त साटा (जुनी, संथ पद्धत), हे त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहा, कारण दोन्ही काड्या दिसायला जवळपास सारख्याच. 'नवी ५१२ जीबी एसएसडी' असं लिहिलेलं असेल तर कोणत्या कंपनीची, ते विचारा. रिफर्बिश करणारे बरेचदा मूळची चांगली डिस्क काढून बिननावाची टाकतात. चार वर्षं वापरलेली पण नामांकित कंपनीची डिस्क मला त्यापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

मॉनिटर जोडताना लोक हमखास अडतात. ऑफिसातल्या यंत्रांना एचडीएमआयपेक्षा डिस्प्लेपोर्ट जास्त असतात. एलिटडेस्क ८०० जी४ मिनीला मागे दोन डिस्प्लेपोर्ट येतात, एचडीएमआय हा ऐच्छिक भाग. ज्यांना एचडीएमआय असतो त्या आठव्या पिढीच्या बऱ्याच यंत्रांत तो १.४ प्रकारचा, म्हणजे ४के पडद्यावर सेकंदाला ३०च चित्रं; माऊस हलवताच लक्षात येतं. ४के मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा, आणि मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर 'ॲक्टिव्ह' प्रकारचा कन्व्हर्टर घ्या. स्वस्तातला साधा कन्व्हर्टर तिथेही बहुधा ३०वरच अडतो. आणखी एक: डिस्प्लेपोर्टच्या वायरीला बहुतेकदा खटका असतो. तो न दाबता वायर ओढली की पोर्टच सैल होतो. वापरलेल्या यंत्रात हा पोर्ट हलवून पाहा.

व्हिडिओ पाहण्यासाठी घेत असाल तर एवढं ध्यानात असू द्या. दहा बिटांचा एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) व्हिडिओ ग्राफिक्स चिपवर सुरळीत चालतो तो सातव्या पिढीपासून. एव्ही१ हा नवा प्रकार अकराव्या पिढीच्या आधीच्या इंटेल ग्राफिक्सला समजत नाही, तिथे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. १०८०पी पर्यंत सहा कोअरना त्याचं काही वाटत नाही.

डब्यात काय नाही?

मायक्रोची स्वस्त जाहिरात दिसली की पहिला प्रश्न ॲडॅप्टरचा. खूप यंत्रं त्याच्याशिवाय विकली जातात, कारण ऑफिसातून निघताना वायरींचा ढीग वेगळ्या खोक्यात जातो. आणि हा कुठलाही ॲडॅप्टर चालत नाही. डेल आणि एचपीचे १९.५ व्होल्टचे, बारीक गोल पिनेचे. लेनोवोचा २० व्होल्टचा, चपट्या चौकोनी तोंडाचा. डेलच्या ॲडॅप्टरमध्ये ओळख पटवणारी चिप असते. तोंड बसलं, व्होल्टही जुळले, पण ओळख पटली नाही तर चालू करताना 'ॲडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही' असा इशारा येतो आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालतो. असं यंत्र हातात आलं की माणूस विंडोजला शिव्या देत बसतो. ३५ वॅटच्या प्रोसेसरला ६५ वॅटचा ॲडॅप्टर पुरतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला ९० किंवा त्याहून मोठा लागतो. कंपनीच्या शिक्क्याचा, योग्य वॅटचा ॲडॅप्टर सोबत हवा, नसेल तर त्याची किंमत वजा करून बोला.

दुसरं वायफाय. ऑफिसात यंत्रं नेटवर्कच्या वायरीवर चालतात, त्यामुळे वायफाय कार्ड मुळात बसवलेलंच नसतं, आणि ब्लूटूथ त्याच कार्डावर असल्याने तेही नाही. कार्ड नंतर टाकता येतं, पण अँटेनाच्या बारीक तारा आतून ओवाव्या लागतात. ते नको असेल तर यूएसबीचा छोटा डोंगल लावून मोकळे व्हा. काही यंत्रांत कार्ड असतं पण अँटेना काढून घेतलेल्या असतात. मग राऊटर शेजारी असला तरी सिग्नल एकच रेघ दाखवतो.

तिसरं, अडीच इंची डिस्क बसवायची चौकट आणि तिची चपटी केबल. विक्रेता डिस्क काढतो तेव्हा चौकटही तिच्यासोबत जाते. एम.२वरच भागणार असेल तर सोडून द्या, पण दुसरी डिस्क टाकायचा विचार असेल तर आत्ताच विचारा. स्पीकर बऱ्याच डब्यांत नसतो, असला तरी नावापुरता. कीबोर्ड-माऊस सोबत मिळाले तर बोनस समजा.

कुलपं

चुकीचा ॲडॅप्टर बदलता येतो. कुलूप लागलेलं यंत्र मात्र कितीही स्वस्त मिळालं तरी महागच.

पहिलं कुलूप बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमच्या, पासवर्डचं. कंपनीने लावलेला व्यवस्थापकाचा पासवर्ड तसाच राहिला असेल तर बरेचदा पेनड्राइव्हवरून चालू करता येत नाही, सिक्युअर बूट बदलता येत नाही. 'आतली बॅटरी काढा, निघून जाईल' हा सल्ला जुन्या यंत्रांचा; आजच्या व्यावसायिक यंत्रांत तो बहुतेकदा चालत नाही. बायोसमध्ये आत शिरता येतं का आणि तिथले पर्याय बदलता येतात का, दोन्ही पाहा. काही वेळा आत शिरता येतं, पण सगळे पर्याय राखाडी असतात, म्हणजे कुलूप आहेच.

दुसरं, 'ॲब्सोल्यूट' किंवा जुन्या नावाने 'कॉम्प्युट्रेस'. ही चोरी शोधायची सोय बायोसमध्येच असते आणि डिस्क बदलली तरी टिकते. बायोसच्या सुरक्षा विभागात तिची स्थिती 'ॲक्टिव्हेटेड' दिसली तर यंत्र अजून कुणाच्या तरी नोंदीत आहे.

तिसरं कुलूप सगळ्यात लबाड, कारण विक्रेत्यालाही ते कित्येकदा माहीत नसतं. कंपन्या यंत्राचा हार्डवेअर क्रमांक विंडोज ऑटोपायलटमध्ये (कंपनीची यंत्रं दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदवतात. अशा यंत्रावर विंडोज नव्याने टाकलं आणि इंटरनेट जोडलेलं असलं की सुरुवातीच्या पडद्यावरच अनोळखी कंपनीचं नाव येतं आणि तिचा ईमेल-पासवर्ड मागितला जातो. इंटरनेट न जोडता विंडोज टाकलं तर हे लपून राहतं, आणि विक्रेते तसंच टाकतात. पुढे कधी तुम्ही रीसेट केलं की पडदा समोर. ही नोंद साधारणपणे ती कंपनीच काढू शकते. म्हणून परताव्याची मुदत असतानाच इंटरनेट जोडून विंडोज एकदा कोरं टाका. विक्रेत्याने कितीही सुंदर तयार करून दिलं असलं तरी.

लेनोवोच्या एएमडी यंत्रांत रायझन प्रो प्रोसेसर त्या कंपनीच्याच बोर्डाशी बांधलेला असू शकतो. यंत्र आहे तसं वापरणाऱ्याला काही फरक पडत नाही. प्रोसेसर काढून दुसरीकडे वापरायचा बेत असेल तर घेऊ नका.

पैसे देण्याआधी काय विचारायचं

फोनवर गोलमोल उत्तरं मिळतात, लेखी विचारलं की बरोबर मिळतात. मी साधारण असा निरोप पाठवतो:

'नमस्कार. तुमच्या जाहिरातीतल्या यंत्राबद्दल विचारायचं होतं. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल सांगाल का? यंत्राच्या तळाच्या लेबलचा आणि मागच्या पोर्टचा फोटो हवा आहे. कंपनीचा ॲडॅप्टर सोबत आहे का, असल्यास किती वॅटचा? रॅमच्या काड्या किती आणि एसएसडी कोणत्या कंपनीची? बायोसला पासवर्ड नाही ना? वायफाय कार्ड आणि अँटेना आहेत का? वॉरंटी किती दिवसांची, आणि परत केल्यास जाण्यायेण्याचा खर्च कोणाकडे?'

लेबलचा फोटो मागण्यात मोठी ग्यानबाची मेख आहे. डेलचा सर्व्हिस टॅग, लेनोवो आणि एचपीचा सिरीअल क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की वॉरंटी कधी संपली ते कळतं. डेल तर कारखान्यातून निघताना आत काय काय होतं त्याचीही यादी देतं. मूळ यादीत आय३ आणि जाहिरातीत आय५, असं दिसलं तर प्रोसेसर कुणीतरी बदललाय. त्यात गैर काही नाही, पण मग थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) कशी लावली, हीटसिंक (ती उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) त्याच वॅटचा आहे का, असे प्रश्न उभे राहतात. फोटो द्यायला जो विक्रेता टाळाटाळ करतो त्याच्याकडे वेळ घालवू नका. याच मॉडेलची यंत्रं ढिगाने विकायला आहेत.

भाव ठरवताना कागदावर बेरीज करा: यंत्र, अधिक ॲडॅप्टर, अधिक हवी तेवढी रॅम, अधिक एसएसडी, अधिक वायफाय, अधिक पाठवणी. ही बेरीज नव्या, इंटेल एन१०० प्रोसेसरच्या छोट्या पीसीशेजारी ठेवून पाहा. २०२३चा तो एन१०० साधारण सहाव्या-सातव्या पिढीच्या ३५ वॅटच्या आय५ इतकं काम करतो, वीज कमी खातो, एव्ही१ जाणतो आणि सोबत वॉरंटी असते. म्हणजे सातव्या पिढीच्या यंत्राची बेरीज त्याच्या निम्म्या किमतीच्या वर गेली की माझ्या लेखी सौदा संपला. आठव्या पिढीचा सहा कोअरचा आय५ त्याच्यापेक्षा सरस आहे, तिथे थोडं वर जायला हरकत नाही.

जुना मॅक मिनी?

इथे नियम वेगळे आहेत, थोडक्यात सांगतो. इंटेलचे मॅक मिनी आता घेऊ नका. २०१८च्या मॉडेलला २०२४ची सिक्वोया ही शेवटची प्रणाली, आणि २०१४च्या मॉडेलमध्ये तर दोनच कोअर आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेला एम१ अजूनही झकास चालतो, पण त्यात रॅम आणि साठवण दोन्ही नंतर वाढत नाहीत, म्हणून ८ जीबीवाला घेताना दोनदा विचार करा. २०२४च्या एम४ मिनीपासून १६ जीबी हेच किमान झालं आहे. जुन्या मालकाने आपलं ॲपल खातं काढलेलं आहे आणि पूर्ण पुसल्यावर 'रिमोट मॅनेजमेंट'चा (यंत्र अजून कंपनीच्या ताब्यात असल्याचा) पडदा येत नाही, हे दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर झालं पाहिजे.

हातात आल्यावरची तपासणी

समोरासमोर घेत असाल तर लिनक्स मिंट टाकलेला एक पेनड्राइव्ह खिशात ठेवा. त्यावरून यंत्र चालू झालं म्हणजे बायोसचं कुलूप बहुधा नाही, हे लगेच कळतं. आधी बायोसमध्ये जा: प्रोसेसर, रॅम, सिरीअल क्रमांक लेबलशी जुळतो का? तारीख-वेळ बरोबर आहे का? वायर काढून पुन्हा लावल्यावर घड्याळ मागे गेलं तर आतली सीआर२०३२ गोळी संपलीय; क्षुल्लक खर्च, पण घासाघिशीला मुद्दा मिळतो.

मग पेनड्राइव्हवरून मिंट चालू करून एक-एक यूएसबी पोर्टला माऊस लावून पाहा, पुढचे धरून सगळे. हेडफोन, नेटवर्कची वायर, दोन्ही डिस्प्ले पोर्ट. आवाज ऐका: पंखा सुरुवातीला एकदा जोरात फिरून शांत झाला पाहिजे. काही न करता घूं घूं चालूच असेल तर हीटसिंकमध्ये धूळ आहे किंवा पेस्ट वाळलीय. वीस-तीस मिनिटं सगळ्या कोअरवर भार टाकणारी चाचणी चालवा आणि तापमान व वेग शेजारी शेजारी पाहा. ३५ वॅटच्या प्रोसेसरचा वेग सुरुवातीच्या उसळीनंतर थोडा खाली येतो, हे ठरल्याप्रमाणेच आहे. तो छापील मूळ वेगाच्याही खाली जाऊ लागला किंवा यंत्र बंद पडलं, तर गडबड आहे. आय५-८५००टीचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आहे, एवढं उदाहरणादाखल.

डिस्कची तब्येत विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम दाखवतो. टक्केवारीपेक्षा मी चालू तासांचा आकडा आधी पाहतो. ऑफिसात रोज आठ तास, वर्षाला अडीचशे दिवस, चार वर्षं म्हणजे ८,००० तास. आकडा त्याच्या आसपास असेल तर यंत्राचं आयुष्य सरळ गेलंय. ३५,००० दिसले तर ते चार वर्षं कधी बंदच झालेलं नाही; पंखाही तेवढाच फिरलाय. डिस्कवर खराब सेक्टर नोंदले असतील तर ती बदलून मागा, यंत्र परत करायची गरज नाही. रॅमची चाचणी घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम लावून करा. त्यात एकही चूक चालत नाही.

विंडोजचा परवाना पाहायला रन खिडकीत 'एसएलएमजीआर', मोकळी जागा, तिरपी रेघ आणि 'डीएलआय' असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. वर आलेल्या चौकटीत 'ओईएम' दिसलं तर परवाना यंत्रासोबतचाच आहे, कोरं विंडोज टाकलं तरी आपोआप लागू होतो. 'व्हॉल्यूम' आणि 'केएमएस' असे शब्द दिसले तर तो कंपन्यांच्या घाऊक पद्धतीने चालू केलेला आहे, आणि तो १८० दिवसांपुरताच टिकतो. विकताना सगळं हिरवं, सहा महिन्यांनी पडद्यावर सूचना. हा मुद्दा सौम्यपणे पण ठामपणे मांडा. चांगला विक्रेता लगेच योग्य परवाना देतो.

पहिला महिना

आधी बायोस अद्ययावत करा, कंपनीच्या संकेतस्थळावरूनच, आणि तेवढा वेळ वीज जाणार नाही असं पाहून. मग इंटरनेट जोडून विंडोज कोरं टाका. वर सांगितलेली ऑटोपायलटची परीक्षा यातच होते आणि विक्रेत्याने घातलेला फापटपसाराही जातो. झाकण उघडायला एकच स्क्रू असतो. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा, नाहीतर ते उलटं गरगरून बेअरिंग खराब होतं. तापमान जास्त येत असेल तरच पेस्ट बदला. चालतंय तर हीटसिंक उगाच हलवू नका.

यंत्र बंद कपाटात किंवा मॉनिटरच्या मागे भिंतीला अगदी टेकवून ठेवू नका, गरम हवा मागून बाहेर पडते. बिल, लेबलचा फोटो आणि विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद एका फोल्डरमध्ये ठेवा. परताव्याची मुदत संपायच्या दोन दिवस आधी, फोनवर तशी आठवण लावून, सगळे पोर्ट पुन्हा एकदा तपासा आणि यंत्र झोपेतून नीट जागं होतं का ते पाहा; हा दोष दुकानात कधीच दिसत नाही, घरी तीन-चार दिवसांनीच कळतो.